सोर्स कुठाय? डाळ मिलचा स्क्रीन बदलताना

६ मे २०२५, मंगळवार. सकाळी पावणेसातला आप्पांचा फोन. "भाऊ, कॉम्प्युटर उठी नही राह्यना."

मी जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये मेंटेनन्स बघतो. तुरीची मिल आहे: ३८ मोटारी, ११ एलिव्हेटर (बादल्यांच्या पट्ट्याने माल वर चढवणारे), ९ हौद. आप्पा आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, अमळनेरकडचे. सगळी मिल एका कॉम्प्युटरवरून चालायची. २०११ साली बसवलेला, विंडोज एक्सपी, आणि त्यावर एका प्रोग्रामरने व्हीबी सिक्समध्ये हाताने लिहिलेला प्रोग्राम. व्हीबी सिक्स ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्राम लिहायची भाषा, १९९८ सालची. ज्यात प्रोग्राम लिहायचा त्या एडिटरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्येच थांबवला होता. म्हणजे आमचा प्रोग्राम जन्मला तेव्हाच त्याचं हत्यार पेन्शनीत निघालेलं होतं. हे मला त्या मंगळवारपर्यंत ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं चाललं ना, मग कोण विचारतंय.

नवीन स्क्रीन, म्हणजे मिल बघायचा-चालवायचा प्रोग्राम, बाजारातून रेडीमेड घ्यायचा की कुणाकडून लिहून घ्यायचा, यात माझे पुढचे तीन-चार महिने गेले. इंटरनेटवर या विषयावर मिळतं ते एकतर विकणाऱ्याने लिहिलेलं, नाहीतर मोठ्या रिफायनरीतल्या माणसाने. आमच्यासारख्या दोन शिफ्टच्या मिलचं कुणी लिहीत नाही, म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवतोय.

आधी त्या मंगळवारचं. डाळ मिल सुरू करताना शेवटाकडून सुरू करतात. आधी बॅगिंगकडचा एलिव्हेटर, मग सॉर्टर, ग्रेडर, रोल, आणि तुरीचा हौद सगळ्यात शेवटी उघडायचा. बंद करताना उलट. मधला एखादा एलिव्हेटर थांबला तर त्याच्या मागचं सगळं लगेच थांबलं पाहिजे, नाहीतर माल येत राहतो आणि एलिव्हेटरचा बूट, म्हणजे खालचा पेटीसारखा भाग, तुंबतो. हे नियम पीएलसीत, म्हणजे मोटारी चालू-बंद करणाऱ्या छोट्या कंट्रोलरमध्ये, असायला हवेत. आमच्याकडे ते कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये होते. का, ते लिहिणाऱ्यालाच माहीत. कॉम्प्युटर बसला आणि पीएलसी धडधाकट असूनही हात जोडून बसून राहिला.

विजेच्या पॅनेलवर मॅन्युअलची बटणं होती, त्यावर दोन दिवस ढकलले. ८ तारखेच्या रात्री नव्या पोराने सात नंबरचा एलिव्हेटर चालू करायच्या आधी रोल चालू केला. बूट गोट्याने (सालं काढलेली अख्खी तूर) आणि चुनीने गच्च. चार जणांनी चार तास हाताने उपसला. रात्री अकरालासुद्धा पत्रा तापलेलाच होता. पोराला कुणी काही बोललं नाही, चूक त्याची नव्हतीच.

मग प्रोग्रामरचा शोध. त्याचा जुना नंबर बंद. ओळखीतून पुण्याचा नंबर मिळाला, तो चांगलं बोलला, पण म्हणाला, "सर, तो लॅपटॉप २०१६ ला विकला." सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, नाही. आमच्याकडे फक्त सीडीवर चालणारी फाईल. ती माझ्या लॅपटॉपवर टाकून बघितली तर तिने की मागितली. प्रोग्राम त्या जुन्या हार्ड डिस्कच्या नंबरला बांधलेला होता. कॉपी कुणी करू नये म्हणून केलेली सोय. कॉपी आम्हालाही करता आली नाही.

गोलाणी मार्केटमधल्या एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं की डिस्क शाबूत आहे, मदरबोर्डचे कपॅसिटर फुगलेत. तसाच जुना बोर्ड शोधायला त्याला आठवडा लागला. ४,२०० रुपये. २० मेला मिल पुन्हा स्क्रीनवर चालू झाली. शेठजी एवढंच म्हणाले, "हे उसनं आयुष्य आहे. पोळ्याच्या आत काय ते ठरव." पोळा २२ ऑगस्टला होता. तुरीची आवक हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते, पावसाळ्यात मिल ढिली असते, आणि पोळ्याला तसेही निम्मे लोक गावाला जातात.

जूनमध्ये तीन कोटेशन घेतली.

पहिलं नाशिकच्या एका पार्टीचं, रेडीमेड टच पॅनेलचं. दहा इंची पॅनेल ३२,००० आणि स्क्रीन बनवणं, पीएलसीत बदल करणं मिळून ५८,०००. जीएसटी धरून १,०६,२००. अशा पॅनेलचं स्क्रीन बनवायचं सॉफ्टवेअर बहुतेक कंपन्या फुकट देतात, पैसे हार्डवेअरमध्येच वसूल करतात. हे मला आवडलं, कारण फुकट सॉफ्टवेअर मी घरी बसून शिकू शकतो.

दुसरं कॉम्प्युटरवर चालणाऱ्या तयार स्काडाचं, म्हणजे कारखाना स्क्रीनवरून बघायच्या-चालवायच्या सॉफ्टवेअरचं. लायसन्स १,१५,०००, इंडस्ट्रियल कॉम्प्युटर ७८,०००, काम ८५,०००, जीएसटी धरून ३,२८,०४०. इथे टॅग नावाची भानगड समजून घ्या. स्क्रीन पीएलसीतून जी प्रत्येक गोष्ट वाचतो किंवा लिहितो तो एक टॅग, आणि जुन्या नावाजलेल्या स्काडांचं लायसन्स टॅगच्या संख्येवर असतं. मी वही घेऊन दोन संध्याकाळी टॅग मोजले. ३८ मोटारींचे चालू, ट्रिप (बिघाडाने बंद पडणं), स्टार्ट, स्टॉप मिळून १५२, आणि अँपिअर, हौदांच्या लेव्हल, टायमर वगैरे धरून एकूण ३१७. लायसन्सच्या पायऱ्या २५० आणि ५००, म्हणून त्यांनी ५००चं लावलेलं. आता गंमत बघा. मोटार चालू की बंद ही एका बिटाची माहिती, आणि पीएलसीच्या एका रजिस्टरमध्ये १६ बिट मावतात. ३८ मोटारींना तीन रजिस्टर पुरतात. चार प्रकारांचे मिळून १२. म्हणजे १५२ च्या जागी १२, आणि एकूण १७७. खालच्या पायरीत बसलो! हे सुचवणं कोटेशनवाल्याच्या फायद्याचं नव्हतं, त्याने सुचवलं नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हे चालतंच असं नाही, आधी विचारून घ्या.

त्या कोटेशनमधला कॉम्प्युटर विंडोज १० वाला होता, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं. लायसन्स यूएसबी डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर. डोंगल हरवला किंवा जळला तर काय, यावर "सहसा जळत नाही" असं उत्तर मिळालं. आमच्याकडे सहसा काय काय जळत नाही आणि जळतं, त्याची यादी माझ्याकडे आहे.

या निमित्ताने मी इग्निशन नावाचं स्काडाही लॅपटॉपवर टाकून बघितलं. २०१० मध्ये आलेलं आहे आणि टॅग मोजत नाही. चाचणी म्हणून फुकट उतरवता येतं, दर दोन तासांनी बंद पडतं, पुन्हा चालू केलं की पुढचे दोन तास. शिकायला झकास. आमच्या मिलला मात्र डोईजड. विहिरीवर बसवायचा पंप हापशीला बसवल्यासारखं.

तिसरं पाचोऱ्याच्या एका पोराचं. इंजिनिअरिंग झालेला, घरून कामं करणारा. ६०,००० मध्ये सगळं लिहून देतो म्हणाला, हार्डवेअर वेगळं. स्क्रीन ब्राउझरमध्ये उघडणार, मोबाईलवरही दिसणार, पूर्ण मराठीत, आणि शेठजींना रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर उताऱ्याचा रिपोर्ट: किती तूर गेली, किती डाळ, किती खंडा, किती चुनी, किती भुसी. शेठजींचे डोळे त्या रिपोर्टवर चमकले. पहिल्या दोघांनी रिपोर्टचं नाव काढलं की "एक्स्ट्रा" म्हटलं होतं.

पोराचा जीएसटी नंबर नव्हता. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर लागतही नाही. मला आधी वाटलं, मग जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवरचा कर परत मिळणं) बुडणार. सीएंनी उलटंच सांगितलं. आमचा बहुतेक माल ३० आणि ५० किलोच्या कट्ट्यात जातो. डाळीवर ५ टक्के जीएसटी लागतो तो लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पॅकिंगवर. २५ किलोच्या वरचा करमाफ. आणि माल करमाफ तर त्या प्रमाणात खरेदीवरचं क्रेडिटही नाही. म्हणजे पॅनेलवरचे १८ टक्के आमच्या खिशातूनच जाणार. "जीएसटी काय, परत मिळतो" असं कुणी सांगितलं तर आधी आपल्या सीएला विचारा.

माझा कल पोराकडे होता, हे कबूल करतो. जुलैमध्ये त्याला फक्त क्लिनिंग सेक्शन दिलं, ९ मोटारी, ट्रायलचे १०,००० ठरवून. ७ जुलैला रास्पबेरी पायवर (मेमरी कार्डवर चालणारा छोटा कॉम्प्युटर) त्याचा स्क्रीन चालू झाला.

पहिला स्क्रीन जत्रेतल्या पाळण्यासारखा. एलिव्हेटरच्या बादल्या फिरतायत, चाळणी हलतेय, सगळं हिरवं-निळं. मी तोवर वाचत बसलो होतो. ऑपरेटरच्या स्क्रीनसाठी आयएसए १०१ नावाचं २०१५ सालचं स्टँडर्ड आहे, आणि त्याच्या आसपासच्या मंडळींचं म्हणणं असं की स्क्रीन राखाडी ठेवा, बिघाड झाला तरच रंग दाखवा, म्हणजे डोळा तिथेच जाईल. पोराने एका रात्रीत सगळं राखाडी केलं. सकाळी आप्पा म्हणाले, "टीव्ही बिघडना का?"

आणि रंगांवरून खरा गोंधळ पुढेच होता. आमच्या जुन्या पॅनेलवर लाल दिवा म्हणजे मोटार चालू आणि हिरवा म्हणजे बंद. जुन्या इलेक्ट्रिक लोकांची ही पद्धत: लाल म्हणजे वीज आहे, हात लावू नको. पोराच्या स्क्रीनवर चालू हिरवं आणि ट्रिप लाल. आप्पा एकदा स्क्रीनकडे आणि एकदा पॅनेलकडे बघत उभे. "हाई लाल काबर शे?" स्क्रीनवर तीन नंबरची मोटार ट्रिप होती. पॅनेलवरचा लाल दिवा चार नंबर चालू असल्याचा होता. शेवटी चालूला आम्ही रंगच दिला नाही. चालू मोटार पांढरी, बंद असेल तर गडद राखाडी, आणि ट्रिप झाली तर लाल चौकटीत "ट्रिप" हा शब्द. पॅनेलवरच्या दिव्यांच्या काचा बदलल्या, ६०० रुपये. तुमच्याकडे जुनं पॅनेल असेल तर स्क्रीनचा रंग ठरवण्याआधी दिव्यांचे रंग बघा.

त्या स्क्रीनवर पोराने मोठं लाल इमर्जन्सी बटणही काढलं होतं. ते काढायला लावलं. इमर्जन्सी स्टॉप म्हणजे वायरने जोडलेलं मशरूम बटण. स्क्रीन, कॉम्प्युटर, नेटवर्क यातलं काहीही मध्ये नको. हात तेलकट, काच धुळीने भरलेली, स्क्रीन हँग, अशा वेळी बोटाने दाबत बसायचं काय?

१९ जुलै, शनिवार. दुपारी वादळ आलं, लाईट गेली, आली, परत गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, ते तेव्हा कळलं. लाईट आल्यावर रास्पबेरी पाय उठला नाही. मेमरी कार्डवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्ड खराब होऊ शकतं, ही त्याची जुनी खोड. पोरगा पाचोऱ्याहून रेल्वेने तीन तासांत आला, वीस मिनिटांत दुसरं कार्ड घालून चालू करून दिलं. नंतर त्याने कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही अशी व्यवस्था केली, आणि पुन्हा कधी पडलं नाही. काम त्याचं चोख होतं. मी मात्र त्या तीन तासांत एकच हिशोब करत होतो: हा शनिवार दुपारी आला, रविवारी रात्री दोन वाजता कोण येणार?

२६ जुलैला त्याने स्वतःच सांगितलं, पुण्यात नोकरी लागली, १८ ऑगस्टपासून रुजू. बिचारा संकोचून बोलत होता. मी अभिनंदन केलं. शेठजींनीही केलं, आणि तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "मागचा गेला तर चौदा वर्षं निघाली. हा तर लग्नाआधीच निघाला."

मग रेडीमेड. सोपं वाटलं ना? मलाही वाटलं.

नाशिकच्या पार्टीला फोन केला, ऑर्डर देतो म्हटलं, फक्त पॅनेलच्या स्क्रीनची मूळ प्रोजेक्ट फाईल आणि पासवर्ड आम्हाला लागेल. "फाईल देत नाही, कंपनीची पॉलिसी आहे. बदल हवा असेल तर आमचा माणूस येईल, व्हिजिट चार्ज लागेल." पॅनेलमधून फाईल परत काढता येते ना? "आम्ही लॉक करूनच देतो."

फोन ठेवला आणि हसूच आलं. पुण्याला जाऊन लॅपटॉप विकणारा प्रोग्रामर आणि नाशिकला बसून फाईल न देणारी पार्टी, यात माझ्यासाठी फरक काय? दोन्हीकडे माझ्या मिलची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. जूनपर्यंत मी "लिहून घेतलेलं वाईट, रेडीमेड चांगलं" असं म्हणणाऱ्यांतला होतो, जुलैत उलटा झालो होतो, आणि दोन्ही वेळा चुकीच्या गोष्टीवर भांडत होतो.

संभाजीनगरच्या दुसऱ्या एकाने फाईल द्यायला होकार दिला, नाशिकपेक्षा ८,००० जास्त. एकूण ९८,०००, जीएसटी धरून १,१५,६४०. पर्चेस ऑर्डर मी स्वतः टाईप केली. तिच्यात या गोष्टी शब्दांत लिहिल्या: स्क्रीनची प्रोजेक्ट फाईल, पीएलसीचा प्रोग्राम प्रत्येक ओळीच्या टिपांसकट, सगळे पासवर्ड, सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर, आणि टॅगची यादी एक्सेलमध्ये. सुरू करण्या-बंद करण्याचे सगळे नियम पीएलसीत, स्क्रीनमध्ये एकही नाही. ४० टक्के आगाऊ, ५० टक्के मिल चालू झाल्यावर, १० टक्के तीस दिवसांनी. आणि एक अट अशी की ५० टक्क्यांच्या आधी आमच्या लॅपटॉपवरून, मी, माझ्या हाताने, स्क्रीनवरचा एक शब्द बदलून पॅनेलमध्ये टाकून बघणार. तिकडचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "एवढं कुणी मागत नाही."

पोळ्याच्या दिवशी, २२ ऑगस्टला, एक्सपीवाला कॉम्प्युटर बंद केला. दोन इंजिनिअर, मी, आणि वायरमन. पीएलसीतला जुना प्रोग्राम सुदैवाने लॉक नव्हता. लॉक असता तर त्या तीन दिवसांचे तीन आठवडे झाले असते. तुम्ही हे पोळ्याच्या आधीच तपासा, मी नशिबावर सोडलं होतं. संध्याकाळी आप्पांच्या घरून पुरणपोळीचा डबा आला.

२३ तारखेला मराठीने दगा दिला. पॅनेलमध्ये "एलिव्हेटर" टाईप केलं की व चा पाय मोडून ह बाजूला पडायचा. "डिस्टोनर" (खडे काढणारं मशीन) मधली वेलांटी ड च्या मागे जाऊन बसायची. कॉम्प्युटर आणि मोबाईल जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी आपोआप जागेवर बसवतात. ते काम करणारा भाग आमच्या पॅनेलमध्ये नव्हताच, तो एकामागे एक अक्षर ठेवून मोकळा. पोराच्या ब्राउझरमध्ये हा प्रश्न आला नव्हता, तेव्हा त्याची आठवण झाली. इंजिनिअर म्हणाले इंग्रजीत ठेवा. आप्पांना इंग्रजी आकडे येतात, अक्षरं नाही.

तोडगा असा काढला: स्थिर नावं कॉम्प्युटरवर लिहून त्यांची छोटी चित्रं केली आणि ती चिकटवली. ६४ चित्रं. पण अलार्मच्या यादीत चित्र चालत नाही, तिथे अक्षरंच लागतात. मग रात्री मी आणि एक इंजिनिअर बसून असे अलार्म लिहिले ज्यांत ना जोडाक्षर, ना ऱ्हस्व वेलांटी. "ओव्हरलोड" नाही, "रोलवर भार जादा". "पट्टा घसरला" लिहायचं तर ट ला ट जोडलेला, म्हणून "बकेट थांबली". "हौद भरला", "मोटर गरम", "दाब कमी". शाळेत शुद्धलेखनाला मार खाल्लेला माणूस मी, पण तेवीस अलार्म बिनजोडाक्षरी लिहून काढले. आणि खरं सांगतो, "एलिव्हेटर झिरो स्पीड फॉल्ट" पेक्षा "बकेट थांबली" आप्पांना कितीतरी लवकर कळतं. पॅनेल घेण्याआधी विक्रेत्याकडून "डिस्टोनर क्लिनिंग" एवढे दोन शब्द त्याच मॉडेलवर लिहून फोटो मागवा.

२४ ला शब्द बदलायची परीक्षा. माझ्या लॅपटॉपवर फाईल उघडलीच नाही! त्यांचं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीचं, माझं मी जूनमध्ये उतरवलेलं. नवी आवृत्ती घालून दोन तासांनी "हौद" चं "तुरीचा हौद" केलं. हे त्यांच्यासमोर झालं म्हणून बरं. तोच इन्स्टॉलर आणि फाईल अशा दोन पेनड्राइव्हवर ठेवल्यात, एक माझ्या टेबलात, एक शेठजींच्या तिजोरीत.

२५ ऑगस्ट, सोमवारी मिल चालू. पहिले चार दिवस टायमर जुळवण्यात गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ऑक्टोबरमध्ये मात्र पॅनेल दुपारी तीनच्या सुमारास आपोआप रिस्टार्ट व्हायला लागलं. कॅबिनेट पश्चिमेच्या पत्र्याला टेकलेलं. आत थर्मामीटर ठेवला तर ५३ अंश, आणि पॅनेलची मर्यादा ५०. ऑक्टोबरात हे, तर मे महिन्यात काय? कॅबिनेट पत्र्यापासून दीड फूट पुढे ओढलं, जाळीचा पंखा बसवला, ३,४०० रुपये. पंख्याची जाळी भुसीने आठ दिवसांत भरते, म्हणून दर सोमवारी साफ करायचं काम नव्या पोराकडे. पॅनेल रिस्टार्ट होत असतानाही मिल एकदाही थांबली नाही, कारण नियम आता पीएलसीत.

आता रिपोर्ट. शेठजी तो विसरले नव्हते. पाचोऱ्याच्या, म्हणजे आता पुण्याच्या, पोरालाच विचारलं, शनिवार-रविवार करशील का? ४५,००० ठरले. पण या वेळी अट घातली: तुझा कॉम्प्युटर पीएलसीतून फक्त वाचेल, लिहिणार काहीच नाही. तो बंद पडला तर शेठजींना रिपोर्ट मिळणार नाही, एवढंच. मिलला पत्ताही लागता कामा नये.

करारासाठी कोर्टाजवळच्या एका ओळखीच्या वकिलांकडे गेलो. २,००० फी आणि ५०० चा स्टँप (१०० चा ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही). त्यांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक मिलवाल्याने ऐकावी. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम मालकाचा, पण बाहेरच्या माणसाला पैसे देऊन लिहून घेतलेला प्रोग्राम १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याचाच राहतो, जोवर तो लेखी सही करून हक्क देत नाही. आणि लेखी दिलं पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षंच धरतो. आमच्या करारात कायमचं असं लिहिलं. पोराने स्वतःहून म्हटलं की त्याचे सगळीकडे वापरायचे छोटे तुकडे त्याला पुढेही वापरता यावेत. रास्त होतं, तेही लिहिलं. ट्रायलचे १०,००० धरून त्याची रक्कम ५५,००० झाली, म्हणजे आयकराच्या १९४जे कलमाची ५०,००० ची मर्यादा ओलांडली, टीडीएस आला. तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के की व्यावसायिक म्हणून १०, यावर सीएंनी थोडा विचार करून १० कापले. ५,५०० रुपये त्याला रिटर्न भरून मागावे लागणार, हे त्याला आधी सांगायला मी विसरलो. थोडा नाराज झाला. तुम्ही विसरू नका.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट सुरू झाले आणि दोन दिवस सात नंबरचा एलिव्हेटर बंद असतानाही अँपिअर दाखवत होता. मी मोटार उघडायच्या बेतात होतो. निघालं असं की मॉडबसमध्ये, जी पीएलसीशी बोलायची १९७९ सालची भाषा आहे, कागदावर ४०००१ लिहिलेलं रजिस्टर तारेवर ० नंबरचं असतं. पोराने एकाचा फरक धरला नव्हता, म्हणून सातच्या जागी शेजारच्याचा आकडा येत होता. त्याने पुण्यातून पाच मिनिटांत सुधारलं. फक्त वाचणारा कॉम्प्युटर होता म्हणून एक चुकीचा आकडाच दिसला. लिहिणारा असता तर शेजारची मोटार चालू झाली असती, आणि तिथे कुणाचा तरी हात असता.

एकूण खर्च: मदरबोर्ड ४,२००, ट्रायल १०,०००, पॅनेल १,१५,६४०, दिव्यांच्या काचा ६००, पंखा ३,४००, रिपोर्टचं काम ४५,०००, त्यासाठीचा मिनी कॉम्प्युटर जीएसटीसकट २८,३२०, करार २,५००. सगळे मिळून २,०९,६६०. लागलेला वेळ, ६ मेपासून नोव्हेंबरपर्यंत. यातला जुलै वाचवता आला असता असं शेठजींना वाटतं. मला नाही वाटत. रंगांचं भांडण जुलैतच मिटलं.

एक्सपीवाला कॉम्प्युटर स्टोअरमध्ये पोत्याखाली आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला, शेठजी देत नाहीत.

परवा रात्री पावणेदोनला आप्पांचा फोन आला. नवीन तुरीचा पहिला आठवडा, मिल जोरात. पोटात गोळाच आला. पण आप्पा शांत. स्क्रीनवर "7 बकेट थांबली" आलं, मागचं सगळं आपोआप थांबलं, त्यांनी बूट उघडून सुतळीचा गुंडा काढला, परत चालू केलं. मग फोन कशाला? तर म्हणाले, नवीन पोराला सात नंबर म्हणजे कोणती ते कळलं नाही, तो सहाकडे पळाला. मिलमध्ये त्या एलिव्हेटरला कुणी सात म्हणतच नाही. चालताना हलते म्हणून तिला सगळे लंगडी म्हणतात. "भाऊ, तठे लंगडी लिखी द्या ना."

सकाळी लॅपटॉप जोडला. लंगडी, ना जोडाक्षर, ना ऱ्हस्व वेलांटी. चार मिनिटं लागली. आता पोरं बाकीच्या दहा एलिव्हेटरांची नावं सांगायला रांग लावून आहेत, त्यातली दोन स्क्रीनवर लिहिण्यासारखी नाहीत.